शेजारधर्म आणि त्याची मर्यादा : विला कॅथर यांची ‘माय आंतोनिया’

विला कॅथर यांच्या ‘माय आंतोनिया’ (१९१८) या कादंबरीची चर्चा बहुधा दोन अंगांनी होत आलेली आहे. नेब्रास्काच्या अफाट माळाचे जे चित्रण तीत आहे त्यावर काही समीक्षक लुब्ध झाले. तर जिम बर्डन या निवेदकाच्या स्मृतिव्यापाराकडे, गतकाळाविषयीच्या त्याच्या ओढीकडे, इतरांनी लक्ष वेधले. दोन्ही चर्चा आवश्यक होत्या. तथापि त्यांच्या भरात कादंबरीतील एक साधा आणि कठोर प्रश्न मागे पडला. बोहेमियातून निघालेले एक कुटुंब विरळ वस्तीच्या मुलखात येऊन उतरते. त्याचे शेजारी सज्जन आहेत, खाऊनपिऊन सुखी आहेत, देवभीरू आहेत. ते मदतीला धावतातही. असे असता पहिल्याच हिवाळ्यात त्या कुटुंबाचा कर्ता पुरुष गोठ्यात जाऊन स्वतःवर बंदूक झाडून घेतो. साहाय्य मिळाले आणि तरीही माणूस गेला, हे कसे? कादंबरीच्या पहिल्या भागाची सारी रचना या प्रश्नाभोवती झालेली आहे, आणि उरलेले चार भाग त्याच्या उत्तराकडे सरकत जातात, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

कथेची पार्श्वभूमी थोडक्यात ध्यानात घेतली पाहिजे. १८६२ च्या होमस्टेड कायद्यान्वये, पाच वर्षे जमिनीवर राहून ती कसणाऱ्यास १६० एकर जमीन नाममात्र शुल्कात मिळू लागली. आणि ही सवलत केवळ नागरिकांना नव्हे, तर नागरिक होण्याचा इरादा रीतसर जाहीर करणाऱ्या परदेशीयांनाही होती. नेब्रास्काला १८६७ साली राज्याचा दर्जा मिळाला. रेल्वे कंपन्यांना सरकारकडून मिळालेल्या विस्तीर्ण जमिनी विकावयाच्या होत्या; त्यासाठी त्यांनी युरोपातील निरनिराळ्या भाषांतून जाहिराती केल्या. स्वीडिश, नॉर्वेजियन, डॅनिश, जर्मन, झेक अशी कुटुंबे या माळावर येऊ लागली. कॅथर स्वतः १८८३ साली, वयाच्या दहाव्या वर्षात, व्हर्जिनियातून आईवडिलांबरोबर इकडे आल्या आणि पुढे रेड क्लाउड या रेल्वेच्या गावी वाढल्या. कादंबरीतील ब्लॅक हॉक हे गाव म्हणजे हेच रेड क्लाउड होय.

तात्पर्य, या मुलखात शेती करणारा पिढीजात असा कोणी नव्हताच. मराठी मुलखातील जुन्या ग्रामव्यवस्थेत मिरासदार आणि उपरी असा भेद असे. मिरासदाराचा जमिनीवरील हक्क वंशपरंपरेचा. उपरी हा बाहेरून आलेला, ठरावाने जमीन कसणारा. नेब्रास्काच्या माळावर कायद्याच्या दृष्टीने सगळेच उपरी. ज्या बर्डन कुटुंबाकडे शिमेर्दा कुटुंब आशेने पाहते ते कुटुंबही व्हर्जिनियातूनच आलेले. परंतु कायद्यात नसलेली मिरासदारी भाषा निर्माण करते, ही गोष्ट कॅथर यांनी अचूक हेरली आहे. ज्याची जन्मभाषा इंग्रजी तो या माळावरचा मिरासदार. बाकीचे, त्यांनी कितीही वर्षे नांगर धरलेला असो, ‘परदेशी’.

हा भेद कादंबरीच्या पहिल्याच प्रकरणात, आगगाडीतच, प्रकट होतो. दहा वर्षांचा पोरका जिम आजीआजोबांकडे निघालेला आहे. त्याच गाडीत पुढच्या डब्यात परदेशातून आलेले एक कुटुंब आहे आणि त्यांच्यापैकी एका मुलीलाच काय ते इंग्रजीचे चार शब्द येतात, असे गार्ड सांगतो. त्या मुलीला जाऊन भेटावे असे जिमला वाटत नाही. त्याच्याबरोबरचा गडी जेक तर परदेशीयांपासून रोग जडतात असे सांगून त्याच्या संकोचाला दुजोराच देतो. हा जेक दुष्ट नाही. पुढे तो याच कुटुंबासाठी बर्फातून वाट काढतो. कॅथर यांच्या या कादंबरीत परकेपणाची भावना दुष्टांच्या नव्हे, भल्या माणसांच्या ठायी वास करते, आणि म्हणूनच ती अधिक विचार करण्याजोगी ठरते.

शिमेर्दा कुटुंबाला त्यांची भाषा जाणणारा एकच मनुष्य प्रथम भेटतो, तो म्हणजे त्यांचाच देशबांधव क्रायेक. मायदेश सोडण्यापूर्वीच एका नातलगाच्या मध्यस्थीने व्यवहार ठरलेला असतो. क्रायेक त्यांना आपली जमीन वाजवीपेक्षा अधिक किमतीत विकतो. बैल, घोडे, चूल, सारे काही चढ्या दराने त्यांच्या गळ्यात मारतो. फसवणूक त्यांच्या ध्यानात येते. तथापि त्याला दूर करता येत नाही, कारण त्यांच्या वतीने बोलणारा आणि त्यांना चार गोष्टी सांगणारा दुसरा कोणी नसतो. माळावरच्या बिळांत राहणारे प्राणी सापाला जसे घरात ठेवतात, त्याला घालवावे कसे हे न कळल्यामुळे, तशी ही गत असल्याचे निवेदक सांगतो. या क्रायेकच्या जोडीला विक कटर हा ब्लॅक हॉकचा सावकार ठेवून पाहावा. त्याच्याविषयी कॅथर एक बारीकसा तपशील देतात: त्याला थोडीबहुत स्वीडिश भाषा येते, आणि आरंभी आलेल्या स्कँडिनेव्हियन शेतकऱ्यांशी व्यवहार करताना ती त्याच्या फार उपयोगी पडते. पीटर या रशियन शेतकऱ्याला कर्जात बुडवणारा तो हाच.

दोन्ही ठिकाणी आगंतुकाची भाषा जाणणारा मनुष्य हा त्याला लुबाडणारा आहे. जे सज्जन आहेत त्यांना भाषा येत नाही. ज्यांना भाषा येते ते सज्जन नाहीत. एका लहान वस्तीत उपऱ्या माणसाची कोंडी नेमकी कशी होते, याचे इतके नेमके निदान समाजशास्त्राच्या ग्रंथांतही विरळा आढळेल. शिमेर्दा हा हळव्या मनाचा, सुसंस्कृत मनुष्य. मायदेशी तो विणकाम करी आणि लग्नसमारंभांत व्हायोलिन वाजवी. बर्डनआजीच्या पहिल्या भेटीतच तो तिच्या हातात दोन लिप्यांचे, एक इंग्रजी आणि एक बोहेमियन, असे पुस्तक ठेवतो आणि आपल्या आंतोनियाला शिकवा म्हणून काकुळतीने विनवतो. आपल्याला काय कमी आहे हे त्याला पुरते कळलेले आहे. त्याने धान्य मागितले नाही, जनावर मागितले नाही, भाषा मागितली. ती त्याच्या मुलीला मिळते. त्याला स्वतःला मिळत नाही.

त्यानंतर येतो तो कादंबरीतील सर्वांत मार्मिक प्रसंग. हिवाळा कडक होतो. शिमेर्दा कुटुंबाकडे खायला काही उरलेले नाही असे कळताच जिमची आजी टोपली भरून अन्न घेऊन जेकसह त्यांच्या भुयारी घरी जाते. घर म्हणजे जमिनीत खणलेली एक गुहा. थंडीने गोठून सडू लागलेले बटाटे. आणि मुली झोपतात कोठे, तर भिंतीत कोरलेल्या भोकात. आजी कळवळते. शिमेर्दाबाई रडते, ओरडते, आपले दारिद्र्य उघडे करून दाखवते, जणू ते शेजाऱ्यांमुळेच ओढवले आहे. शिमेर्दा मात्र आंतोनियाच्या तोंडून काही निराळेच सांगू पाहतो. आपण मायदेशी भिकारी नव्हतो. चांगली मिळकत होती, घराण्याला मान होता. प्रवासखर्च भागवून एक हजार डॉलरहून अधिक शिल्लक घेऊन आपण निघालो होतो. न्यूयॉर्कला नाणेबदलात काही गेले, रेल्वेभाडे अपेक्षेबाहेर पडले, आणि उरलेले क्रायेकच्या व्यवहारात संपले. ज्याच्या दारात अन्नाची टोपली येऊन पडली आहे असा मनुष्य त्या क्षणी हिशेब सांगत बसतो, यातील वेदना सहृदय वाचकाला सांगावी लागत नाही. त्याला अन्न नको असे नाही. अन्न देणाऱ्याने आपल्याला ओळखावे, एवढीच त्याची इच्छा आहे.

आजी निघते तेव्हा शिमेर्दाबाई एका पिशवीतून कसलेसे तपकिरी रंगाचे, उग्र वासाचे वाळलेले तुकडे पेलाभर काढते, फडक्यात बांधते आणि मोठ्या समारंभाने तिच्या हाती देते. हे शिजवण्याने अन्नाला चव येते, असे ती मोडक्यातोडक्या शब्दांत सांगते. वाटेत जेक आणि आजी त्या पुरचुंडीकडे संशयाने पाहतात. ते प्राणिज की वनस्पतिज, हेही आजीला सांगता येत नाही. घरी येताच ती ते सारे चुलीत टाकते. जिम मात्र एका तुकड्याचा कोपरा कुरतडून पाहतो आणि त्याची ती विलक्षण चव त्याच्या कायमची लक्षात राहते. ती अळंबी होती, बोहेमियाच्या कुठल्याशा रानात वेचून, वाळवून, समुद्रापलीकडून जपून आणलेली, हे त्याला पुष्कळ वर्षांनी उमगते.

या प्रसंगावर क्षणभर थांबले पाहिजे. ज्या घरात सडके बटाटे खाऊन दिवस काढले जात आहेत त्या घराने, आपल्याजवळ जे सर्वांत मोलाचे आहे ते, परतभेट म्हणून दिले. गावाने ते जाळले. देणारी दरिद्री होती म्हणून नव्हे, किंवा घेणारी उद्धट होती म्हणूनही नव्हे. बर्डनआजीइतकी उदार आणि न्यायी स्त्री या कादंबरीत दुसरी नाही. तिने ते जाळले, कारण परक्याच्या हाताला काही येत असेल, परक्याच्या घरात काही शिकण्याजोगे असेल, ही शक्यताच तिच्या उदारतेच्या कक्षेत बसत नव्हती. तिचे औदार्य एकाच दिशेने वाहणारे होते. कॅथर येथे कोणताही निर्णय देत नाहीत, कोणाची कानउघाडणी करीत नाहीत. केवळ जिमच्या जिभेवर ती चव शिल्लक ठेवतात. कलावंताच्या संयमाचा हा नमुना होय.

एकदा हे सूत्र हाती आले की पहिल्या भागातील इतर प्रसंगही त्यात ओवता येतात. आंतोनिया पहिल्याच भेटीत, जिमने आपल्याला चार शब्द शिकवले म्हणून, बोटातील चांदीची अंगठी त्याला देऊ करते. तो ती नाकारतो आणि मनात म्हणतो, हे लोक इतके उधळे, म्हणूनच क्रायेकचे फावले. एका श्रीमंत माणसाच्या लग्नात वाजवल्याबद्दल मिळालेली आपली जुनी बंदूक शिमेर्दा पुढेमागे जिमला देण्याचे बोलतो. त्या मुलाला त्याचे ओझेच वाटते. अंगठी, बंदूक, अळंबी: तीन देणग्या, आणि तिन्ही नाकारलेल्या किंवा न समजलेल्या. उलट बर्डन कुटुंबाकडून जे जाते ते घेतलेच पाहिजे असे असते. घेणाऱ्या हातावर याचा जो परिणाम व्हावयाचा तोच होतो. शिमेर्दाबाई बर्डनांच्या स्वयंपाकघरात येते, सगळ्या वस्तू उलथापालथ करून पाहते आणि तुमच्याजवळ पुष्कळ आहेत, आमच्याजवळ नाहीत, असे म्हणून एक लोखंडी भांडे मागून घेते. जिमला तिचा संताप येतो. पुष्कळ वाचकांनाही येतो. कृतघ्न, हावरी, मत्सरी बाई असे तिचे वर्णन टीकाकारांनी केले आहे. परंतु जिच्या देणगीला गावात किंमत नाही तिने घेण्यालाच आपला हक्क मानावे, हे स्वाभाविक नव्हे काय? शिमेर्दाबाईचे चित्रण अप्रिय आहे, पण ते खोटे नाही. किंबहुना साहाय्याचा विषय घेऊन लिहिणारे लेखक उपकृताला नेहमी गोड स्वभावाचा रंगवतात, त्या मोहातून कॅथर सुटल्या आहेत, हे त्यांचे यशच मानले पाहिजे.

एक प्रसंग मात्र या सूत्राला अपवाद आहे, आणि तो मुद्दाम ठेवलेला दिसतो. नाताळच्या दिवशी शिमेर्दा एकटाच आभार मानण्यासाठी बर्डनांकडे येतो. त्या उबदार खोलीत तो फारसे न बोलता बसून राहतो. दिवे लावलेल्या नाताळच्या झाडापुढे तो गुडघे टेकतो तेव्हा प्रॉटेस्टंट पंथाच्या त्या घरात क्षणभर अवघडलेपण पसरते. पण आजोबा आपले मस्तक नमवतात आणि तो क्षण निभावून नेतात. त्या दिवशी त्याला कोणी काही दिले नाही, कोणी काही मागितलेही नाही. तो केवळ पाहुणा होता. कादंबरीत शिमेर्दा समाधानी दिसतो तो जवळजवळ एवढ्याच वेळी.

मग जानेवारीतील हिमवादळ आणि त्याचा मृत्यू. मृत्यूनंतर जे घडते त्यात विदारक उपरोध आहे. दफनासाठी जागा मागितली असता नॉर्वेजियन चर्चचे पंच बैठक घेऊन आपल्या दफनभूमीत या माणसाला जागा देता येणार नाही असे ठरवतात. त्यावर आजी संतापते. हे परदेशी लोक असे आपापल्यापुरते पाहणारे असतील तर आपण अमेरिकनांनी स्वतःची अधिक उदार दफनभूमी काढली पाहिजे, अशा आशयाचे ती बोलते. अळंबी चुलीत टाकणारी हीच आजी. उपऱ्यांनी उपऱ्याला नाकारले हे तिला दिसते. आपल्या हातून काय झाले ते दिसत नाही. आणि याच वेळी अँटन येलिनेक हा तरुण बोहेमियन घोड्यावर बसून मदतीला येतो. तो स्वतःच्या शेतीतील कामे उरकल्यावर लहान मुलांबरोबर शाळेत बसून इंग्रजी शिकतो आहे. दोन्ही भाषा जाणणारा आणि मनाने स्वच्छ असा हा पहिला दुभाषा. तो आला, पण माणूस गेल्यावर आला. क्रायेकच्या जागी हा येलिनेक चार महिने आधी भेटता तर, हा विचार वाचकाच्या मनात आल्यावाचून राहत नाही; कादंबरीत तो कोणी बोलून दाखवीत नाही.

मृत्यूनंतर गावाचे वागणे पालटते. मार्च महिन्यात शेजारी मिळून शिमेर्दा कुटुंबाला लाकडी घर बांधून देतात. पवनचक्की उभी राहते, दुभती गाय येते. पण गाडे सुरळीत चालते असे नाही. उसन्या नेलेल्या घोड्याच्या गळपट्ट्यावरून जेक आणि आंतोनियाचा थोरला भाऊ अँब्रॉश यांची मारामारी होते, आणि या लोकांशी पुन्हा मैत्री नको, असा जिमचा निश्चय होतो. हे भांडण मिटवण्याची आजोबांची रीत अभ्यासण्यासारखी आहे. ते उपदेश करीत नाहीत, आणखी दानही करीत नाहीत. सुगीच्या कामासाठी अँब्रॉशला रोजावर बोलावतात, स्वयंपाकघरात मदतीसाठी आंतोनियाला ठेवून घेतात, आणि गाईच्या किमतीपैकी राहिलेले देणे जाता जाता सोडून देतात. शिमेर्दाबाई त्यांच्या हाताचे चुंबन घेते, ते ओशाळतात. ज्याला आपण नेहमी देत आलो त्याच्या श्रमाची आपल्याला गरज आहे, हे प्रकटपणे मान्य करणे, एवढाच या तडजोडीतील आशय आहे. अन्नाच्या टोपलीने जे साधले नाही ते रोजंदारीने साधले.

‘कामवाल्या मुली’ हा दुसरा भाग याच सूत्राचा विस्तार होय. बर्डन कुटुंब शेत खंडाने देऊन ब्लॅक हॉकला राहावयास येते आणि आजीच्या खटपटीने आंतोनियाला हार्लिंग कुटुंबात काम मिळते. ही मिसेस हार्लिंग स्वतः जन्माने नॉर्वेजियन आहे, ही गोष्ट नजरेआड करता कामा नये. आठवड्याला तीन डॉलर हा त्या काळी चांगला पगार. अँब्रॉश तो सगळा आपल्या हाती मागतो. मिसेस हार्लिंग त्याला बजावते की, वर्षाकाठी पन्नास डॉलर आंतोनियाच्या स्वतःच्या खर्चासाठी राखून ठेवले जातील. आगंतुकाच्या घरातही कोणी दुबळा असतो आणि त्याचा वाटा घरच्यांपासूनच राखावा लागतो, हे जाणणारी ही एकमेव साहाय्यकर्ती. मात्र तिच्या आस्थेलाही सीमा आहे. आंतोनिया नाचाच्या मंडपात जाऊ लागताच हार्लिंग कुटुंब तिला नोकरी किंवा नाच यांपैकी एक निवडावयास सांगते. ती घर सोडते आणि थेट विक कटरच्या घरी कामाला लागते. आश्रय आणि पाळत यांची सरमिसळ झाली की आश्रिताची पावले कोणीकडे वळतात, हे येथे दिसते.

याच भागात निवेदक एक आर्थिक निरीक्षण नोंदवतो, आणि ते फार महत्त्वाचे आहे. गावातील अमेरिकन कुटुंबे आपल्या मुलींना कोणाच्या घरी कामाला पाठवीत नसत, मग घरात दैन्य का असेना. नॉर्वेजियन, बोहेमियन, डॅनिश मुली मात्र घरकाम करून मिळालेला पैसा शेतावर पाठवीत. त्यातून नांगर आले, कापणीयंत्रे आली, डुकरिणी आणि गोऱ्हे आले. परिणामी त्या परगण्यात सर्वांआधी सुस्थितीला पोचले ते परदेशी शेतकरी. गावाच्या लेखी मात्र या सगळ्या मुली एकजात अडाणी. कोणाचा बाप काय होता, याची चौकशी कोणी केली नाही. आंतोनियाच्या वडिलांइतका सुसंस्कृत मनुष्य साऱ्या ब्लॅक हॉकमध्ये नव्हता, असे जिम चिडून म्हणतो. हे म्हणावयास त्याला मोठे व्हावे लागले.

ही कादंबरी प्रसिद्ध झाली त्या वर्षी परदेशी भाषांविषयी अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागात किती कडवटपणा होता, ते लक्षात घेतले तर या चित्रणाचे मोल अधिक कळते. पहिले महायुद्ध चालू होते. १९१८ च्या मे महिन्यात शेजारच्या आयोवा राज्याच्या गव्हर्नरने शाळांत, सार्वजनिक ठिकाणी, टेलिफोनवर आणि धर्मोपासनेतही इंग्रजीखेरीज अन्य भाषा वापरण्यास मनाई करणारे फर्मान काढले. १९१९ साली नेब्रास्काच्या विधिमंडळाने, आठवी इयत्ता उत्तीर्ण होण्यापूर्वी मुलांना परभाषा शिकवण्यास बंदी करणारा कायदा केला. एका धार्मिक शाळेतील शिक्षकाला दहा वर्षांच्या मुलाला जर्मन वाचन शिकवल्याबद्दल दंड झाला, आणि ते प्रकरण ‘मेयर विरुद्ध नेब्रास्का’ या नावाने सर्वोच्च न्यायालयात जाऊन १९२३ साली तो कायदा रद्द ठरला. त्याच वर्षी ‘द नेशन’ या साप्ताहिकात नेब्रास्कावर लिहिलेल्या लेखात कॅथर यांनी या भाषाबंदीमागील समजुतीवर टीका केली. कादंबरीत असा प्रत्यक्ष वाद कोठेही नाही. परंतु शेवटच्या भागात वीस वर्षांनी भेटलेली आंतोनिया, आपण इंग्रजी विसरत चाललो, असे सहज सांगून जाते. घरात सर्वजण बोहेमियनच बोलतात, आणि धाकटी मुले शाळेत जाईपर्यंत इंग्रजी शिकतही नाहीत. बापाने जी भाषा मुलीसाठी काकुळतीने मागितली ती मिळाली, उपयोगी पडली, आणि मग गरजेपुरती उरली. हे घर भरलेले आहे, गोठा भरलेला आहे, बाग फळांनी लगडलेली आहे. आगंतुकाने आपले सारे टाकून दिल्यावाचून त्याची भरभराट होत नाही, या त्या काळच्या समजुतीला यापेक्षा अधिक ठाम उत्तर देता आले नसते.

कादंबरीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. सगळी कथा जिमच्या तोंडून येते, आणि जिम हा शेवटी बर्डनांचा नातू आहे. मोठेपणी तो एका बड्या रेल्वे कंपनीचा वकील झालेला आहे, म्हणजे ज्या यंत्रणेने ही कुटुंबे या माळावर आणली तिचाच तो नोकर. शिमेर्दाच्या मनात शेवटच्या आठवड्यात काय चालले होते ते आपल्याला कळत नाही, कारण ते जिमला कळत नाही. येथे ओ. ई. रोल्वाग यांच्या ‘जायंट्स इन द अर्थ’ या कादंबरीची आठवण होणे अपरिहार्य आहे. रोल्वाग स्वतः १८९६ साली नॉर्वेहून अमेरिकेत आले. त्यांनी ही कथा नॉर्वेजियन भाषेत लिहिली, १९२४-२५ मध्ये ती दोन भागांत निघाली आणि १९२७ साली इंग्रजीत आली. तीत शेजारी सगळे एकाच भाषेचे, एकाच धर्माचे. दुभाष्याची गरज नाही, देण्याघेण्यात तुच्छता नाही. असे असूनही पेर हान्साची बायको बेरेट त्या मोकळ्या माळाच्या भयाने भ्रमिष्ट होते. रोल्वाग यांना तिचे अंतरंग आतून दिसते. कॅथर यांना शिमेर्दाचे अंतरंग खिडकीबाहेरून दिसते. या बाबतीत रोल्वाग अधिक खोल गेले आहेत, हे मान्य केले पाहिजे. तथापि एक वस्ती परक्याला कशी वागवते, हा प्रश्न रोल्वाग यांच्या कादंबरीला जवळजवळ पडतच नाही. तो कॅथर यांचा आहे, आणि तो बाहेरच्या निवेदकावाचून मांडताही आला नसता.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. या माळावर कोणी पिढीजात नव्हते, असे वर म्हटले ते शेतकऱ्यांपुरतेच खरे. पॉनी लोकांना १८७० नंतरच्या दशकात नेब्रास्का सोडून दक्षिणेकडील इंडियन टेरिटरीत, म्हणजे आजच्या ओक्लाहोमात, जावे लागले. कादंबरीत त्यांची खूण एकच: पहिले बर्फ पडले की गवतात उमटणारे एक मोठे वर्तुळ, पूर्वी इंडियन जेथे घोडे फेरीत असत असे सांगितले जाते ते. मोठ्या माणसांत त्याच्या अर्थाविषयी मतभेद आहेत. जिमला ते सुंदर वाटते, आणि कथा पुढे जाते. उपऱ्याला जागा मिळावी म्हणून आधी कोणाची जागा गेली, हा प्रश्न कॅथर यांनी त्या वर्तुळापाशीच सोडला आहे.

शेवटच्या भागाची वाखाणणी बहुतेक टीकाकारांनी केली आहे, विशेषतः तळघराच्या प्रसंगाची. आंतोनियाची मुले जिमला फळे, लोणची आणि मुरंबे साठवलेले तळघर दाखवतात, आणि मग ती सारी पोरे एकदम पायऱ्या चढून उजेडात उसळून येतात. ज्या कुटुंबाची कथा जमिनीतल्या गुहेत सडक्या बटाट्यांपाशी सुरू झाली ती पुन्हा जमिनीतल्या गुहेपाशी आली. फरक एवढाच की या गुहेत आता पाहुण्याला देण्याजोगे पुष्कळ आहे. जिम तेथे जेवतो, मसालेदार आलुबुखार भरलेल्या कोलाचे नावाच्या गोड पावाची कथा ऐकतो, मुलांबरोबर गवताच्या गंजीत झोपतो. अळंबी चाखून पाहणारा मुलगा चाळिशीच्या आसपास का होईना, त्या घरचा पाहुणा झाला.

त्या मानाने आंतोनियाचा नवरा कुझाक याच्याकडे टीकाकारांचे दुर्लक्ष झालेले आहे. तो शहरचा माणूस. प्राग, व्हिएन्ना पाहिलेला, चार माणसांत रमणारा. शेती ही आंतोनियाची आवड, त्याची नव्हे. एकाला मानवणारे आयुष्य दुसऱ्यालाही मानवेल काय, अशी शंका जिमच्या मनात येते. विल्बरच्या जत्रेहून परतलेला कुझाक मुलांसाठी खेळणी आणतो, बोहेमियन ओळखीपाळखींच्या खबरा आणतो. मग तो जिमला मारिया वासाक या गायिकेविषयी विचारतो: ती आमच्या प्रागच्या भागातली, ती विद्यार्थिनी असताना माझे वडील तिचे जोडे दुरुस्त करीत. तिचे गाणे आपण लंडनला आणि व्हिएन्नाला ऐकले आहे, असे जिम सांगतो. शिमेर्दाला साऱ्या माळावर असे एक वाक्य बोलणारा कोणी भेटला नव्हता. कुझाक खिशातून चिलीम काढतो, ती पेटवतो आणि निवांत बोलावयास बसतो.